जागावाटप मुंबईत, मतदान देवळीत

निवडणूकपूर्व युतीचे गणित बहुधा बेरजेच्या भाषेत मांडले जाते. दोन पक्षांच्या मतांची बेरीज झाली की विजय ठरलेला, असे राजधानीतील विश्लेषक गृहीत धरतात. वर्धा जिल्ह्यातील देवळी मतदारसंघाने मात्र या बेरजेला कधी दाद दिली नाही.

२०१४ मध्ये भाजप-शिवसेना युती तुटली होती. तेव्हा देवळीत भाजपचे सुरेश वाघमारे काँग्रेसच्या रणजित कांबळे यांच्याकडून हजाराहूनही कमी मतांनी पराभूत झाले. इतक्या थोडक्यात हुकलेली जागा पुढच्या खेपेस जिंकायचीच, अशी आस कार्यकर्त्याने धरली असल्यास नवल नाही. २०१९ मध्ये युती पुन्हा जुळली आणि वाटपात देवळी शिवसेनेकडे गेली. भाजपचे राजेश बकाने अपक्ष उभे राहिले. कांबळे पुन्हा निवडून आले, बकाने दुसरे आले आणि युतीच्या अधिकृत उमेदवाराला दुसरे स्थानही लाभले नाही. २०२४ मध्ये तेच बकाने भाजपचे अधिकृत उमेदवार झाले आणि त्यांनी कांबळे यांना पराभूत केले.

निकाल आनंदाचा खराच. परंतु २०१९ मध्ये आदेश शिरोधार्य मानून ज्याने मित्रपक्षाच्या धनुष्यबाणासाठी घरोघरी मते मागितली, त्या कार्यकर्त्याने यातून कोणता बोध घ्यावा? हा प्रश्न अवघड आहे म्हणून तो टाळता येणार नाही.

जपानचे उदाहरण येथे उद्‌बोधक ठरावे. तेथील लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष आणि कोमेइतो यांची १९९९ मध्ये जुळलेली सोबत २०२५ च्या ऑक्टोबरात राजकीय निधीच्या प्रश्नावरून संपली. पाव शतक ती टिकली, त्याचे एक कारण तेथील मतदानपद्धतीत आहे. कनिष्ठ सभागृहासाठी जपानी मतदार दोन मते देतो. एक मतदारसंघातील उमेदवाराला, दुसरे पक्षाच्या यादीला. त्यामुळे एक मत आम्हाला, दुसरे मित्राला, अशी देवाणघेवाण एकाच गावात, एकाच दिवशी होऊ शकते. आपल्याकडे मत एकच. देवळीने केलेल्या त्यागाचे फळ दूरच्या एखाद्या मतदारसंघाला मिळते. देवळीच्या कार्यकर्त्याला ते दिसतही नाही.

महाविकास आघाडीलाही हा अनुभव आला. २०२४ च्या लोकसभेत वर्ध्याची जागा शरद पवारांच्या पक्षाकडे गेली आणि काँग्रेसचे माजी आमदार अमर काळे त्या पक्षात जाऊन तुतारीवर लढले. त्यांनी भाजपचे रामदास तडस यांना ८१ हजारांहून अधिक मतांनी हरविले. अवघ्या सहा महिन्यांत विधानसभेत जिल्ह्यातील चारही जागा भाजपने जिंकल्या. काळे यांच्या आर्वीत त्यांच्या पत्नीही पराभूत झाल्या.

त्या चारही जागा भाजपने स्वतःच्याच चिन्हावर लढविल्या होत्या, हे विसरून चालणार नाही. आर्वीचे तत्कालीन आमदार दादाराव केचे यांनी उमेदवारी नाकारली गेल्यावर भरलेला अपक्ष अर्ज मागे घेतला. मार्च २०२५ मध्ये ते विधान परिषदेवर गेले. मित्रपक्षांच्या कार्यकर्त्यांना मात्र जिल्ह्यात एकही जागा नव्हती. २००९ मध्ये हिंगणघाट शिवसेनेने जिंकले होते. तेथील शिवसैनिकाला आज कमळाचा प्रचार करताना काय वाटत असेल, हे २०१९ ची देवळी पाहिलेल्या भाजप कार्यकर्त्याला वेगळे सांगावयास नको.