छायाचित्रांना कुलूप कशासाठी?

कुष्ठरोगाने ग्रासलेल्या परचुरे शास्त्रींची शुश्रूषा करणारे गांधीजी, हे सेवाग्राममधील छायाचित्र पुस्तकांत, प्रदर्शनांत आणि आता संकेतस्थळांवर वारंवार दिसते. ते टिपणाऱ्या कनू गांधींचे नाव मात्र त्याखाली क्वचितच आढळते. नारणदास गांधींचे हे चिरंजीव. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांचा कॅमेरा आला आणि गांधीजींनी तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, ‘असे बसा’ म्हणायचे नाही, आणि खर्च आश्रम देणार नाही. या अटींत राहून टिपलेला हा ठेवा वर्धा जिल्ह्याच्या इतिहासाचा मोठा आधार आहे.

असा ठेवा महाजालावर मांडू पाहणाऱ्या प्रत्येक संस्थेला चोरीची धास्ती वाटते. मग माऊसची उजवी कळ बंद केली जाते, चित्रावर आडवा वॉटरमार्क उमटतो, किंवा इतकी लहान प्रत चढवली जाते की चेहरेही ओळखू येऊ नयेत. हे उपाय तकलादू आहेत. वाचकाच्या पडद्यावर चित्र दिसते, याचाच अर्थ त्याची प्रत त्याच्या संगणकात उतरलेली असते. दाखवायचे पण द्यायचे नाही, ही सोय महाजालाच्या रचनेतच नाही. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने मोठी चित्रे तुकड्यातुकड्यांनी दाखवण्याची युक्ती केली होती. २००९ मध्ये तीन हजारांहून अधिक चित्रे जुळवून विकिमीडियावर चढवली गेली. वकिली पत्रव्यवहार झाला आणि २०१२ मध्ये गॅलरीनेच हजारो चित्रे अव्यावसायिक वापरासाठी विनाशुल्क खुली केली. वॉटरमार्क पुसणे एकेकाळी कसबी माणसाचे काम होते. आज कृत्रिम बुद्धिमत्ता ते क्षणार्धात करते.

कायद्याचा आधार आहे, पण तो गुंतागुंतीचा आहे. पूर्वी भारतात छायाचित्राचा प्रताधिकार प्रसिद्धीपासून मोजला जाई. २०१२ च्या दुरुस्तीने तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत नेला. कनू गांधींचे निधन १९८६ मधले. त्यामुळे स्वातंत्र्यकाळात छापलेले चित्र आणि त्याच रोलमधील अनेक दशके अप्रकाशित राहिलेले चित्र, यांची कायदेशीर स्थिती वेगळी असू शकते. त्याच दुरुस्तीतील ६५-ख हे कलम मात्र दुर्लक्षित राहिले आहे. चित्राला जोडलेली कर्त्याची व हक्कांची माहिती अनधिकाराने, जाणूनबुजून काढून टाकणे हा त्यानुसार दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. प्रश्न असा की, मुळात माहितीच जोडलेली नसेल तर काढणार काय?

खरे नुकसान इथेच होते. सेवाग्राम आश्रमातून गांधीजींचा चष्मा चोरीला गेल्याचे २०११ मध्ये उघड झाले. तो चष्मा गेला तो गेलाच. छायाचित्राची नक्कल झाली तर मूळ जागेवरच राहते. हरवते ती त्याची ओळख. १९४६ च्या जुलैमध्ये मुंबईत अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीत मॅक्स डेस्फर या अमेरिकी छायाचित्रकाराने गांधी-नेहरूंना हसताना टिपले. त्यातील नेहरू कापून तिथे एका स्त्रीचे चित्र चिकटवलेली प्रत समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षे फिरते आहे. हा खोटेपणा उघडा पाडता येतो, कारण अस्सल चित्र तारखेसह आणि छायाचित्रकाराच्या नावासह सर्वांना उपलब्ध आहे. ते कुलपात असते तर बनावट प्रतच खरी ठरली असती.

ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियमचा अनुभव याला पूरक आहे. व्हर्मीरच्या दूध ओतणाऱ्या स्त्रीच्या चित्राच्या पिवळट, निकृष्ट प्रती महाजालावर इतक्या पसरल्या की संग्रहालयाच्या दुकानातील अचूक पोस्टकार्डावर लोक विश्वास ठेवीनात. संग्रहालयाने उत्तम प्रत स्वतःच खुली केली. आपल्याकडेही दाखला आहे. ‘हिंद स्वराज्य’च्या १९१० च्या इंग्रजी आवृत्तीवर कोणतेही हक्क राखलेले नाहीत, असे छापले होते. पुढे गांधीजींनी लेखनाचे हक्क नवजीवन ट्रस्टला दिले. २००८ अखेर मुदत संपली तेव्हा ट्रस्टने ती वाढवून मागितली नाही.

अर्थात, लहान संस्थांना पैशाची निकड असते, हे नाकारता येत नाही. जे हक्क खरोखर संस्थेकडे आहेत, त्या चित्रांची छपाईयोग्य मोठी प्रत शुल्क आकारून द्यावी. प्रकाशकांना तशीही तीच लागते. संकेतस्थळावर मात्र चेहरे स्पष्ट दिसतील अशी मध्यम प्रत असावी, आणि छायाचित्रकार, स्थळ, वर्ष व संग्रहाचे नाव चित्राखालच्या पट्टीत, चित्राचाच भाग म्हणून छापलेले असावे. फाइलच्या पोटात नोंदवलेली माहिती व्हॉट्सॲपवरून जाताना गळून पडते. पट्टी तरी कापावी लागते, आणि कापणाऱ्याचा हेतू त्यातून दिसतो.

या कामाला सॉफ्टवेअरपेक्षा माणसे लागतात. जुन्या आश्रमवासीयांच्या गटचित्रांत गांधीजी, विनोबा, जमनालाल बजाज सहज ओळखू येतात; मागच्या रांगेतील चेहरे कोणाचे, हे सांगू शकणारी पिढी जवळजवळ सरली आहे. कुलपावरचा खर्च त्या नावांच्या शोधावर आधी व्हायला हवा.