नाव झाकलेली उत्तरपत्रिका

परमुलखात गेलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो जेवणापाशी. मातेओ रिच्ची हा इटलीचा ख्रिस्ती पाद्री १५८३ साली दक्षिण चीनमध्ये राहू लागला, तेव्हा त्याचेही तसेच झाले. माणसे अन्नाला बोट न लावता दोन काड्यांनी जेवतात, भर उन्हाळ्यातही गरम तेच पितात, याचे त्याला मोठे नवल वाटले. या गरम पिण्यामुळेच चिनी माणसाला मुतखडा होत नसावा, असा तर्कही त्याने लिहून ठेवला. (तर्क खरा की खोटा ते डॉक्टरांनी पाहावे! आपला ‘चहा’ हा शब्द मात्र तिकडचाच.) युरोपात मान द्यायचा तर टोपी काढीत, चीनमध्ये मोठ्या माणसापुढे टोपी डोक्यावर हवीच असे. मुलींचे पाय लहानपणीच करकचून बांधतात, हेही त्याने पाहिले.

आम्हाला मात्र त्याने पाहिलेल्या परीक्षेची हकिकत सर्वांत मोलाची वाटते. ती समजण्यासाठी थोडे मागे, आपल्या गोव्यात जावे लागेल.

चीनला जाण्यापूर्वी, १५७८ ते १५८२ या काळात रिच्ची गोवा आणि कोची येथे होता. गोव्याच्या ख्रिस्ती विद्यालयात तेव्हा एक निर्णय झाला. इथल्या देशी विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र हे वरचे शिक्षण द्यायचे नाही! कारण काय, तर शिकले की ते गर्विष्ठ होतील आणि खेड्यापाड्यांतली लहान कामे करणार नाहीत. बंधुभगिनींनो, हे कारण आपल्या ओळखीचे आहे. रिच्चीने १५८१ साली रोमला वरिष्ठांकडे पत्र लिहून या निर्णयाला हरकत घेतली. शिकून गर्व चढायचाच असेल, तर तो युरोपियनांनाही चढतो, असे त्याचे म्हणणे होते.

असा माणूस चीनमध्ये गेला आणि त्याने पाहिले की येथे देशाचा कारभार तलवारबहाद्दर चालवीत नाहीत, परीक्षा पास झालेले विद्वान चालवतात. परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकाला वेगळ्या कोठडीत बंद करीत. उत्तरे लिहून झाली की नाव झाकायचे. एवढ्यावर भागत नसे. अक्षरावरून कोणी ओळखू नये म्हणून कारकून सगळी उत्तरपत्रिका लाल शाईने नव्याने उतरवून काढीत आणि परीक्षकाच्या हाती ती नक्कल जाई. आपल्या मुलांनाही दहावीच्या पेपरवर बैठक क्रमांकच लिहायचा असतो. आडनाव विचारतात ते पुढे, मुलाखतीच्या खोलीत.

तरी वाचकांनी चीनला स्वर्ग समजू नये. स्त्रियांना त्या परीक्षेला बसताच येत नसे. नट, वेश्या, कचेरीतले शिपाई अशा ‘हलक्या’ मानलेल्या घरांतील मुलांनाही दार बंद होते. शिवाय वर्षानुवर्षे पोथ्या पाठ करायच्या, तर घरी दोन वेळची सोय हवी. मजुराच्या पोराला ती कुठली? ही परीक्षा १९०५ साली बंद झाली.

आणखी एक गोष्ट आम्हाला बोचते, ती सांगायलाच हवी. रिच्चीने सुरुवातीला डोके-दाढी भादरून बौद्ध भिक्खूसारखा वेश घेतला होता. पण अंमलदार मंडळी भिक्खूंना फारसा मान देत नाहीत हे दिसल्यावर १५९५ साली त्याने ते वस्त्र टाकले, केस-दाढी वाढवली आणि विद्वानांचा रेशमी झगा चढवला. पुढे बौद्ध मतावर त्याने टीकाही बरीच केली. गोव्यातल्या मुलांच्या बाजूने उभा राहिलेला माणूस चीवराची किंमत दरबारातल्या मानावरून ठरवतो, हे आम्हाला पटत नाही.

तो झगा घालून तो राजधानी बीजिंगला पोहोचला. तेथे त्याला जिवाभावाचा साथी मिळाला, श्यू क्वांगछी. हा शांघायकडच्या बेताच्या परिस्थितीतल्या घरचा. परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाला, तरी त्याने पाठ सोडली नाही. १६०४ साली, चाळिशी उलटल्यावर, तो सर्वांत वरची परीक्षा पास झाला. मग दोघांनी मिळून युक्लिडच्या भूमितीची पहिली सहा पुस्तके चिनी भाषेत आणली. ती १६०७ साली प्रसिद्ध झाली. रिच्ची तोंडी अर्थ सांगे, श्यू लिहून काढी. त्या पुस्तकातले बिंदू, रेषा, समांतर रेषा यांचे शब्द आजही चिनी मुले शाळेत शिकतात.