एस्तेरचे धैर्य

फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमारास आपल्या दारी होळी पेटते, त्याच दिवसांत यहुदी बांधवांचा पुरीम येतो. कोकणातील बेने इस्रायल मंडळी त्याला पूर्वी ‘होळीचा सण’च म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच समाजाने कीर्तनाचा अंगीकार करून हिब्रू शास्त्रातील आख्याने मराठी पदांतून गायिली. त्या शास्त्रात धैर्यशील स्त्रियांची मोठी मालिका आहे. नवजात मुलगे मारण्याची फारोची आज्ञा न मानणाऱ्या शिप्रा व पुवा या सुइणी त्यात आहेत, न्यायनिवाडा करणारी आणि सेनेबरोबर रणभूमीकडे जाणारी दबोरा आहे. तथापि एस्तेरची कसोटी सर्वांत निराळी होय.

शूशन नगरीत अहश्वेरोश राजा 127 प्रांतांवर राज्य करीत होता. मातापितृहीन यहुदी कन्या एस्तेर त्याची राणी झाली; तिचे कुळ मात्र गुप्त होते. प्रधान हामान याने चिठ्ठ्या टाकून यहुद्यांच्या संहाराचा दिवस नेमला. तेव्हा तिचा प्रतिपालक मर्दखय याने तिला बजावले की, राजवाडा तुझे रक्षण करील या भ्रमात राहू नकोस. कदाचित याच प्रसंगासाठी तुला हे पद लाभले असेल.

बोलावल्यावाचून राजासमोर जाणाऱ्यास देहान्ताची शिक्षा होती, आणि 30 दिवसांत तिला बोलावणे आले नव्हते. तिने नगरातील सर्व यहुद्यांना आपल्यासह तीन दिवस उपोषण करावयास सांगितले आणि मरणाची तयारी ठेवून ती राजासमोर उभी राहिली. राजाने सुवर्णदंड पुढे केला; पुढे तिच्याच मुखाने हामानाचे कपट उघड झाले आणि तिचे लोक वाचले.

आमच्या सावित्रीनेही त्रिरात्र व्रत केले होते. परंतु तिच्यापुढे साक्षात् यमधर्म उभा होता, त्याने वर दिले. एस्तेरला ना दर्शन घडले, ना आकाशवाणी झाली. हिब्रू एस्तेर ग्रंथाच्या दहा अध्यायांत देवाचे नाव एकदाही येत नाही! तरीही तिचे पाऊल अडखळले नाही.

संकटात सापडलेला मनुष्य देवाचा धावा करतोच. पण ज्याच्या अंगाला झळ लागलेली नाही, त्याने आपले सुरक्षित आसन सोडून दुसऱ्यांसाठी उभे राहणे, ही श्रद्धेची खरी परीक्षा. अधिकार, विद्या वा धन ज्यांना लाभले आहे, त्यांनी ते कशासाठी लाभले याचा विचार करावा. पुरीमच्या दिवशी परस्परांना खाद्यपदार्थ पाठवावेत व दरिद्र्यांस दान द्यावे, असा नेम आहे. होळीची पोळी शेजारी देताना, वाचकहो, या राणीचेही स्मरण असावे.