पोट्टे काहून टिकत नाहीत?

हा प्रश्न यंदा इतक्यांदा कानावर आला की अंकाचा विषयच तो ठरला. अकोल्याचे दालमिलवाले विचारतात, अमरावतीचे शोरूमवाले विचारतात, पतसंस्थांचे व्यवस्थापकही. पोरगं कामाला लावावं, शिकवावं, आणि दिवाळीचा बोनस हाती पडताच त्यानं पुण्याची ट्रॅव्हल्स धरावी!

आपल्या कामाचं पुढं काय होतं हे दिसलं की माणसं कशी राबतात, याचा दाखला आपल्याच रस्त्यावर आहे. वर्षानुवर्षं रखडलेल्या अमरावती-अकोला महामार्गावर, लोणी ते मूर्तिजापूर पट्ट्यात, ३ ते ७ जून २०२२ या काळात ७५ किलोमीटरची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी झाली. गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा होता, जेमतेम २५ किलोमीटरचा. इथं ७२० माणसं रात्रंदिवस राबली. वऱ्हाडातला जून, वरून ऊन, खाली दीडशे अंशांच्या घरातला तापलेला माल. टिप्पर उशिरा आला की पेव्हर थांबतो, पेव्हर थांबला की मागचा रोलर नुसता उभा. म्हणजे टिप्परवाल्याचं कामही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. आणि किती झालं, किती उरलं, ते पायाखालीच दिसत होतं.

मान्य, पाच दिवसांचा जोर म्हणजे पाच वर्षांची नोकरी नव्हे. पण आपल्याकडे काउंटरवरच्या पोरीला तिच्या नोंदीचं पुढं काय होतं हे कुणी सांगत नाही. चूक झाली तरच तिचं नाव निघतं. तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक पुढच्या जूनमध्ये आपण इथं असू की नाही, हे ठाऊक नसताना वर्ग घेतो. वर त्यांनाच ऐकवायचं, ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत.’ (कुटुंबात पगार तीन महिने थकत नाही, हे तूर्त बाजूला ठेवू.) गॅलप या सर्वेक्षण संस्थेच्या २०२५ च्या अहवालात जगभरातले २१ टक्केच कर्मचारी कामात मनापासून गुंतलेले आढळले, तेव्हा दोष एकट्या वऱ्हाडी पोट्ट्यांचा नसावा. अभ्यासिकेत बारा-बारा तास बसणारी पोरं हीच. ती कष्टाला भितात, हे आम्हाला पटत नाही. पुढची पायरी दिसत नसली की ती उठतात, एवढंच.

म्हणून या अंकात मालकांना जागा दिली आहेच, पण जास्त पानं नोकरी सोडून गेलेल्यांची आहेत. त्यातल्या काहींनी जुन्या मालकांचे पत्ते कळवून अंक तिकडं धाडायला सांगितलं आहे. टपालखर्च आमच्याकडे लागला.