पोट फुगलेला पाहुणा

दिवाळीच्या चार दिवसांत पोट कोणाचे फुगत नाही? चकली झाली, अनारसा झाला, वर शेजारच्या वहिनींनी आग्रह करकरून वाढलेली करंजी झाली, की संध्याकाळी घरातली वडीलधारी मंडळी ओव्याची चिमूट तोंडात टाकून अंगणात येरझारा घालू लागतात. पोट फुगणे हा आपल्याकडे थट्टेचा विषय आहे. मीही तो थट्टेवारीच नेत आलो. गेल्या मे महिन्यात मात्र गोंदियास लेकीकडे गेलो असताना एकाच्या फुगलेल्या पोटाला असाच हसलो, आणि त्या हसण्यापायी दोन दिवस फुकट गेले. रोगी मुका होता आणि त्याची राखण माझ्याकडे होती. तेव्हा दोष दुसऱ्या कोणावर ढकलायला जागाच नाही.

हे सदर नेमाने वाचणाऱ्यांना माझ्या घरचा पोपट, मांजरी आणि जिन्याखाली व्यालेली कुत्री ठाऊक आहेत. या वेळचा प्राणी निराळा. त्याचे नाव ॲक्सोलॉटल. ते उच्चारताना जीभ अडखळते म्हणून नातवाने त्याला ‘लाडोबा’ करून टाकले होते. वीतभर लांब, फिकट गुलाबी, तोंडावर कायमचे हसू, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे तीन-तीन तुरे. हे तुरे म्हणजे त्याचे कल्ले. बेडकाचे पिल्लू मोठे होताना शेपूट नि कल्ले टाकून जमिनीवर येते. हा बेडकाचाच लांबचा भाऊबंद, पण मोठा होतो, अंडी घालतो, तरी बालपण काही सोडत नाही. जन्मभर पाण्यातच. लेकीच्या सासूबाईंनी त्याला प्रथम पाहिले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “अगं बाई, ही तर पाण्यातली पाल!”

त्याचे माहेर मेक्सिको शहरालगतच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांत. तेथून १८६४ साली काही जनावरे पॅरिसला पोहोचली आणि त्यांची प्रजा जगभर पसरली. आज प्रयोगशाळांत आणि घराघरांत ती हजारोंनी आहेत. मूळ कालव्यांत मात्र शोधून सापडायची मारामार. मेक्सिकोने २०२१ साली आपल्या पन्नास पेसोंच्या नोटेवर त्याचे चित्र छापले. नोटेवर दिसतो, पाण्यात दिसत नाही, असा प्रकार. आपल्याकडे तो पाळायचा तर २०२२ साली वन्यजीव कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर सरकारदरबारी नोंद करावी लागते. जावई धानाच्या व्यापारात असल्यामुळे कागदपत्रांना पक्के. त्यांनी ती केलेली होती. वाचकांपैकी कोणी दुकानातून आणण्याच्या विचारात असेल तर आधी एवढे विचारून घ्यावे.

आता मुद्द्याची गोष्ट. सोचिमिल्को समुद्रसपाटीपासून २२०० मीटरहून उंच आहे. तेथले पाणी बारा महिने गार. या प्राण्याला सोळा ते अठरा अंशांचे पाणी मानवते. वीस-बाविसाच्या वर त्याचा जीव कासावीस होऊ लागतो. आणि आमचे गोंदिया! तळ्यांचा आणि भाताचा जिल्हा खरा, पण वैशाखात पारा पंचेचाळिसाकडे धावतो. नातवाने उपाय केला होता. टाकीच्या पाण्यावर वारा पडेल असा लहान पंखा बसवला होता. वाऱ्याने पाणी उडते आणि उरलेले दोन-चार अंशांनी निवते, माठाचेच तत्त्व. शिवाय त्या खोलीत दिवसभर ए.सी. चालू असे.

नातू चार दिवस शाळेच्या शिबिराला गेला. जाताना त्याने मला पाठ करून घेतल्यासारखे सांगितले, “आजोबा, पंखा बंद करायचा नाही. एक दिवसाआड दोन गांडुळे. आणि थर्मामीटर बघत जा.” मी मान डोलावली. पहिल्या रात्री त्या पंख्याची घरघर मला झोपू देईना. झोपताना मी तो बंद केला, पहाटे ए.सी.ही बंद केला, म्हाताऱ्या हाडांना गारवा सोसवेना म्हणून. सकाळी दोन्ही सुरू करायचे विसरलो. गांडुळे रोज दिली, कारण तो काचेपाशी येऊन आशेने बघत असे, आणि आशेने बघणाऱ्याला उपाशी ठेवण्याची आमच्या घराण्यात रीत नाही.

तिसऱ्या दिवशी लाडोबा गोल दिसू लागला. मी हसून म्हटले, “बघ, आजोबांच्या हातचे कसे मानवले!” लेक म्हणाली, “बाबा, मला नाही बरे वाटत. काल असा नव्हता.” मी तिला उडवून लावले. चौथ्या दिवशी नातू आला, दप्तर न उतरवताच टाकीपाशी गेला, थर्मामीटर बघितला. एकोणतीस. तो मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

त्याने मला काचेपाशी उभे करून दाखवले, ते येथे सांगतो. कारण फुगणे म्हणजे एक रोग नव्हे, निरनिराळ्या बिघाडांचा तो एकच मुखवटा आहे. या प्राण्याचे पोट डोक्याइतके रुंद असले की तो सुदृढ. त्याहून रुंद, पण खाणेपिणे चोख, अंग घट्ट, आणि जनावर मादी असेल तर पोटात अंडी असण्याचा संभव, घाबरू नये. नुसताच खादाड असेल तर तो हळूहळू महिन्यांत जाडावतो, दोन दिवसांत नव्हे. तळाला बारीक खडे असतील तर घास घेताना खडा गिळला जातो आणि आतडे तुंबते. मग अन्न नको, विष्ठा बंद. लाडोबाच्या टाकीत नातवाने खडे ठेवलेच नव्हते. पोटात वायू धरला तर जनावर बुचासारखे वर तरंगते, मागचा भाग वर नि डोके खाली, आणि खाली जाऊ म्हटले तरी जाता येत नाही. आणि शेवटचा प्रकार जलोदराचा. पोट दोन्हीकडून सारखे फुगते, मग गळ्याखाली, मांडीच्या मुळाशी सूज येते, कातडी ताणून चकचकीत होते, बॅटरीचा उजेड धरला तर आत पाणी असल्यासारखी अर्धपारदर्शक दिसते. लाडोबा तळाशीच निपचित होता. कल्ल्यांचे तुरे पुढे वळलेले. गळ्याखाली पाण्याची पिशवी.

सकाळी मासे घेऊन येणाऱ्या ढीवरमामांना लेकीने बोलावून दाखवले. त्यांचे आयुष्य तळ्यांवर गेलेले. ते म्हणाले, “बाई, कटल्याच्याही पोटात असे पाणी होते. पण माशाचे खवले उभे राहतात, सीताफळावाणी. ह्याला खवलेच नाहीत, कळणार कसे? आम्ही तसा मासा दिसला की पहिला बाहेर काढतो.” त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते: खवले नसल्यामुळे ही खूण या प्राण्यात मिळत नाही, म्हणून कातडीकडे आणि गळ्याकडेच बघायचे.

पाणी आत येते कोठून? तर टाकीतूनच. याची कातडी आपल्यासारखी पाणरोधक नसते. त्याच्या रक्तात क्षार जास्त, बाहेर गोड्या पाण्यात कमी. त्यामुळे पाणी चोवीस तास कातडीतून आत शिरत असते आणि मूत्रपिंडे ते तितक्याच नेटाने उपसून बाहेर टाकत असतात. गळक्या होडीत बसून पाणी उपसत राहावे तसे त्याचे सारे आयुष्य. उपसणारा थकला की होडी भरली. मूत्रपिंड थकते ते कधी जंतूंनी, कधी टाकीतल्या विष्ठेपासून झालेल्या अमोनियाने, कधी आतल्याच दुखण्याने. आणि पाणी तापले की ही सारी मंडळी एकदम जोर करतात. तापल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो, जंतू वाढतात, अमोनिया अधिक विषारी होतो. शिवाय मी रोज घातलेल्या गांडुळांची घाण होतीच. नातवाने पाणी तपासायच्या नळीत थेंब टाकले. पिवळे राहायला हवे होते ते हिरवे झाले.

नातवाने त्याला लगेच वेगळ्या टबात घेतले. नळाचे पाणी क्लोरीन काढून, रोज सगळे बदलायचे. थंडावा एकदम द्यायचा नाही, दिवसभरात हळूहळू उतरवायचा. थर्माकोलच्या पेटीत टब ठेवून भोवती बर्फाच्या बाटल्या, पाण्यात बर्फ नाही. खाणे बंद. कोणी सांगितले, फ्रिजमध्ये ठेवा. हा उपाय बरेच लोक करतात आणि तुंबलेल्या आतड्याला तो उपयोगी पडल्याचेही सांगतात. सासूबाईंनी कोथिंबिरीशेजारी त्याला जागा करून द्यायची तयारी दाखवली, याला मी मोठे मन म्हणतो. पण नागपूरच्या पशुवैद्यांनी फोनवर नको म्हटले: फार थंडीत मूत्रपिंडही मंदावते, आणि येथे तर तेच आजारी. आणखी एका माणसाने माशांच्या दुकानातले निळे-हिरवे औषध आणून दिले. ते मी आल्या पावली परत पाठवले, आणि त्या आठवड्यात माझ्या हातून झालेले हे एकच चांगले काम. माशाला चालणारी कित्येक औषधे, विशेषतः तांबे आणि मॅलेकाइट ग्रीन असलेली, या नाजूक कातडीला जाळतात. स्वयंपाकघरातले आयोडीनचे मीठही आपल्या मनाने टाकू नये.

दुसऱ्या पहाटे नातू नि मी गाडीने नागपूरला निघालो. मांडीवर थर्माकोलची पेटी. सव्वाशे किलोमीटरांत त्याने सतरा वेळा झाकण उघडून पाहिले असेल. समोरच्या बाकावरच्या बाईंनी विचारले, “आईस्क्रीम आहे का हो?” तेव्हा तो पहिल्यांदा हसला, आणि पहिल्यांदा माझ्याशी बोलला: “आजोबा, तो वाचेल ना?”

डॉक्टरांनी वजन केले, सोनोग्राफी केली. पोटात मोकळे पाणी. बारीक सुईने थोडे काढून तपासायला ठेवले. गवती रंगाचे, स्वच्छ. त्यांनी स्पष्ट सांगितले की सुईने पाणी उतरते, पण कारण गेले नाही तर पुन्हा भरते. जंतूंवरचे प्रतिजैविक त्यांनी वजनावर मोजून टोचले. ग्रॅमचा हिशेब आहे, अंदाजपंचे काम नव्हे, म्हणून मी येथे मात्रा लिहीत नाही आणि कोणी पत्राने विचारू नये. टबासाठी क्षारांचे ठरावीक द्रावण दिले: पाणी थोडे खारे असले की आत शिरणारा ओघ मंदावतो आणि मूत्रपिंडाला उसंत मिळते. मी त्यांना एकटे गाठून विचारले, पंखा बंद केल्यामुळेच झाले का? ते म्हणाले, “दुखणे आधीपासून मुरत असेलही. उन्हाने ते उघडे पाडले.” भल्या माणसाने मला अर्धी सुटका दिली. अर्धीच.

आठ दिवसांनी गळ्याची पिशवी उतरली. पंधराव्या दिवशी त्याने चिमट्यातले गांडूळ घेतले. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. श्रावणात, दमट हवेत पंख्याचा वारा लागू पडेना, तेव्हा पोट पुन्हा थोडे भरले आणि पुन्हा नागपूर. जावयांनी त्या फेरीनंतर पाणी गार ठेवणारे यंत्रच आणून बसवले. डॉक्टर म्हणतात, मूत्रपिंड पूर्वीसारखे होईल असे धरून चालू नका. नातवाने एक वही केली आहे. रोज तारीख, पाण्याचे अंश, आणि वरून मोबाइलने काढलेल्या छायाचित्रावर डोक्याशी ताडून पाहिलेली पोटाची रुंदी.

हा लेख पुरा करीत होतो तेव्हा त्याचा फोन आला. “आजोबा, आजचे लिहून घ्या. पाणी सतरा. पोट डोक्यापेक्षा जरासेच मोठे, कालच्याइतकेच. गांडूळ एक, सगळे खाल्ले.” मग जरा थांबून, “दिवाळीला येताय ना? तुमची गादी दुसऱ्या खोलीत घातली आहे. तिथे पंख्याचा आवाज येत नाही.”