नाईक म्हणजे नेमके कोण?

यवतमाळ जिल्ह्यात नाईक म्हटले की सर्वांत आधी पुसद आठवते. पुसद तालुक्यातल्या गहुलीत 1 जुलै 1913 रोजी जन्मलेले वसंतराव नाईक डिसेंबर 1963 मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी 1975 पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांचा जन्मदिवस राज्यभर कृषिदिन म्हणून साजरा होतो. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक 1991 मध्ये मुख्यमंत्री झाले. एकाच घरातून दोन मुख्यमंत्री दिल्यावर इथल्या माणसाला नाईक हे त्या घराण्याचेच आडनाव वाटले, तर त्यात नवल नाही.

पण या घराचे मूळ कुळ राठोड. नाईक हे आधी आडनाव नव्हतेच, ते तांड्यातले पद होते. बंजारा तांड्याचा कारभार नाईक, कारभारी, हसाबी, नसाबी अशा माणसांकडे असे. तांडे मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून देशभर फिरत, तेव्हा मुक्काम कुठे टाकायचा, पाणी कुठे मिळेल, भांडण झाले तर न्याय काय द्यायचा, हे नाईक ठरवी. मुघलांच्या फौजांना दख्खनच्या मोहिमांत रसद पोहोचवणाऱ्या जंगी आणि भंगी या नाईकांच्या कथा आजही तांड्यांत सांगितल्या जातात. रेल्वे आली, बैलांचा व्यापार संपला, तांडे एका जागी स्थिरावले. पद राहिले आणि हळूहळू काही घरांचे ते आडनाव झाले.

याच जिल्ह्यात दुसराही नाईक आहे. मारेगाव, झरी, पांढरकवडा या भागातल्या कोलाम पोडात गावप्रमुखाला नाईकच म्हणतात. त्याच्या जोडीला महाजन असतो, कारभारी असतो. कोलामांची बोली तेलुगू, गोंडीच्या द्राविडी कुळातली, तर बंजाऱ्यांच्या गोरबोलीचे नाते राजस्थानीशी. दोघांचे देव वेगळे, सण वेगळे, पेहराव वेगळा. तरी पुढे चालणाऱ्या माणसासाठी शब्द एकच. संस्कृतात नेणारा तो नायक, लोकांच्या तोंडी तो नाईक झाला.

जिल्ह्याबाहेर पाहिले तर हा छोटा शब्द किती घरांत राहतो ते कळते. इंग्रजांविरुद्ध उठाव करून 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात फासावर गेलेले उमाजी नाईक रामोशी समाजाचे. त्यांचे मूळ आडनाव खोमणे. शिवरायांच्या हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक. फलटणच्या मराठा राजघराण्याचे नाव नाईक निंबाळकर. शिवरायांच्या पत्नी सईबाई याच घरातल्या. मदुराईत तिरुमल नायकांचा महाल आजही उभा आहे. दिग्रसहून थोड्या अंतरावरच्या पोहरादेवीला ज्यांच्या समाधीसमोर लाखो लोक माथा टेकतात, त्या संत सेवालाल महाराजांचे वडील भीमा नाईक. आणि 1857 च्या उठावात सातपुड्यात खाज्या नाईकांबरोबर लढलेले, पुढे अंदमानात मरण पावलेले भिल्ल वीर, तेही भीमा नाईकच. नाव आणि उपनाव दोन्ही सारखे, पण एक बंजारा, दुसरे भिल्ल.

मुस्लिम घरेही यात आहेत. कोकणात नाईक आडनावाची मुस्लिम कुटुंबे आहेत. सांगली, कोल्हापूरकडे नायकवडी हे आडनाव हिंदू घरांतही सापडते आणि मुस्लिम घरांतही. प्रतिसरकारच्या लढ्यातले वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी महाराष्ट्राला माहीत आहेत. पण त्याच भागात नायकवडी नावाच्या घरात ईदचा शिरखुर्माही शिजतो.

सैन्याने तर हा शब्द कोणत्याही जातीला किंवा धर्माला वाटून दिला नाही. लान्स नाईकच्या वर आणि हवालदाराच्या खाली नाईक ही श्रेणी आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे दरवानसिंग नेगी नाईक होते, गढवालचे हिंदू. 1916 मध्ये मेसोपोटेमियात तोच मान मिळवणारे शहामद खान नाईक होते, पंजाबी मुसलमान. 1944 मध्ये ब्रह्मदेशात लढलेले नंदसिंग नाईक होते, शीख. त्याच वर्षी 10 जुलैला इटलीत धारातीर्थी पडलेले रायगडचे यशवंत घाडगे नाईक होते, मराठा. 1971 च्या युद्धात प्राण देऊन परमवीर चक्र मिळवणारे अल्बर्ट एक्का लान्स नाईक होते, आदिवासी आणि ख्रिस्ती. फाळणीनंतर भारताने हे पद ठेवले, पाकिस्ताननेही ठेवले. सीमेच्या दोन्ही बाजूंना जवान आपल्या नाईकाचा हुकूम पाळतात.

म्हणजे नुसते नाईक एवढे ऐकून समोरचा माणूस कोण, हे कुणालाही सांगता येत नाही. तो बंजारा असेल, कोलाम असेल, रामोशी असेल, मराठा असेल, भिल्ल असेल, मुसलमान असेल. नावावरून माणूस ओळखण्याची सवय इथे साफ हरते. आणि ती हरते हे बरेच आहे.

कारण ही सवय निरुपद्रवी नाही. यवतमाळसारख्या शहरात भाड्याने खोली शोधणाऱ्या तरुणाला विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा भाड्याचा नसतो. नाव काय? तेवढ्याने भागले नाही तर, पूर्ण नाव? आडनाव कळले की बोलणे पुढे सरकते, किंवा खोली कालच दुसऱ्याला दिल्याचे समजते. दुकानात माणूस ठेवताना हेच, वर्गात बाक ठरताना पोरांच्या तोंडीही हेच. ज्याला खोली मिळाली नाही त्याला कुणी वाईट बोललेले नसते. त्याच्याशी गोडच बोलले जाते. पण तो पगार किती मिळवतो, आईला घेऊन येणार की एकटा राहणार, आधीच्या घरमालकाचा त्याच्याविषयी काय अनुभव आहे, हे काहीच न विचारता निकाल लागलेला असतो.

या सवयीचे टोक या देशाने कायद्यात पाहिले आहे. 1871 मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात माणसाने गुन्हा करण्याची गरज नव्हती. तो कोणत्या जमातीत जन्मला एवढे पुरेसे होते. नाव सांगितले की माणूस संशयित ठरे, हजेरी लावावी लागे, परवान्याशिवाय गाव सोडता येत नसे. तो कायदा स्वतंत्र भारतात 1952 मध्ये रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त म्हटल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत 14 नावे आहेत. त्यात बंजारा आहेत, रामोशी आहेत, बेरड आहेत आणि मुस्लिमांसह छप्परबंदही आहेत. म्हणजे ज्या समाजांनी नाईक हे नाव मानाने मिरवले, त्यांच्याच नावांवर डाग लावणारी ही व्यवस्था होती. कायदा गेला, पण नाव ऐकून मनातल्या मनात हजेरी घेणे गेले नाही.

रमजानच्या महिन्यात कुरआनचे पठण घरोघरी होते, तरावीहच्या नमाजमध्ये ते ऐकले जाते. त्यातल्या सूरह हुजुरातच्या 13 व्या आयतीचा आशय असा, की अल्लाहने माणसांना एका पुरुषापासून आणि एका स्त्रीपासून निर्माण केले, त्यांची कुळे आणि जमाती केल्या त्या एकमेकांची ओळख व्हावी म्हणून; आणि अल्लाहजवळ श्रेष्ठ तो, ज्याचा तकवा, म्हणजे ईशपरायण सदाचार, अधिक. याच सूरहमध्ये दोन आयती आधी एकमेकांना वाईट नावांनी हाक मारण्यास मनाई आहे. इथे कुळाला आणि नावाला नकार नाही. ओळख व्हावी म्हणून ती दिलेली आहेत. पण ओळख हे सुरू होण्याचे ठिकाण आहे, बोलणे थांबवण्याचे कारण नव्हे.

हे सांगताना मुस्लिम समाजानेही आपल्या घरात डोकावले पाहिजे. सोयरिकीची गोष्ट निघाली की इथेही बिरादरी विचारली जाते. शेख की सय्यद, पठाण की कुरेशी, बागवान की अत्तार, हे प्रश्न मशिदीच्या सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहणारीच माणसे विचारतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अखेरच्या हजच्या प्रवचनात अरबाला अरबेतरावर किंवा गोऱ्याला काळ्यावर तकव्याशिवाय कोणतेही श्रेष्ठत्व नाही, असे बजावले होते. ते प्रवचन दरवर्षी आठवायचे आणि मुलीचे स्थळ मात्र बिरादरी पाहून परतवायचे, हे रोजाच्या शिकवणीशी जुळत नाही. दुसऱ्याने नावावरून पारखू नये असे वाटत असेल, तर स्वतःच्या हातातला तराजूही खाली ठेवावा लागतो.

कुणी म्हणेल, नावात इतिहास असतो, पूर्वजांचा मान असतो, ते पुसून कसे चालेल? पुसू नयेच. गहुलीच्या घराने नाईक हे नाव अभिमानाने लावले आणि ते योग्यच होते. वसंतरावांनी 1941 मध्ये ब्राह्मण घरातल्या वत्सला घाटे यांच्याशी विवाह केला, तेव्हा दोन्हीकडच्या समाजांना तो सहज पचला नसणार. पण त्यामुळे कुणाचे नाव बुडाले नाही. नाव टिकवायला भिंत लागत नाही. त्या नावाला शोभेल असे वागणे लागते.

आणि नाईक या नावाला शोभेल असे वागणे म्हणजे काय, हे त्या शब्दातच आहे. नेणारा तो नाईक. नेणाऱ्यावर मागून येणाऱ्यांची जबाबदारी असते. प्रेषितांची (स.) प्रसिद्ध हदीस आहे, की प्रत्येक माणूस मेंढपाळासारखा आहे आणि त्याला त्याच्या कळपाविषयी जाब विचारला जाईल: राज्यकर्त्याला प्रजेविषयी, कुटुंबातल्यांना घराविषयी. हिजरी सन 18 मध्ये अरबस्तानात मोठा दुष्काळ पडला. त्या काळात खलिफा हजरत उमर (रजि.) यांनी, लोकांना मिळेपर्यंत तूप खाणार नाही असे ठरवले आणि कोरड्या भाकरीवर, तेलावर दिवस काढले, असे इतिहासात सांगितले जाते. राजाचे पोट आणि प्रजेचे पोट एका मापाने मोजायचे, हा त्याचा अर्थ.

महाराष्ट्रालाही अशी वर्षे आठवतात. 1965 च्या टंचाईत वसंतराव नाईकांनी पुण्याच्या शनिवारवाड्यासमोर, दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फाशी द्या, अशा अर्थाचे आव्हान स्वीकारल्याची गोष्ट आजही सांगितली जाते. पुढे 1972 च्या भीषण दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर लाखो हातांना काम मिळाले. त्या कामावर हजेरी घेताना कुळ पाहून खडी फोडायला दिली जात नव्हती. भुकेला आडनाव नसते, हे तेव्हा सगळ्यांनाच कळले होते.

रोजा हेच रोज शिकवतो. पहाटेच्या सेहरीपासून मगरिबच्या अजानपर्यंत पाण्याचा घोटही न घेता राहिलेल्या माणसाला भूक कशी असते हे पुस्तकातून वाचावे लागत नाही. शेजारी उपाशी असताना जो पोटभर जेवतो तो खरा श्रद्धावान नव्हे, असे प्रेषितांचे (स.) सांगणे आहे. सूरह निसामध्ये जवळच्या शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याशीही चांगले वागण्याचा आदेश आहे. शेजाऱ्याचा हक्क त्याच्या भिंतीला भिंत लागून आहे म्हणून मिळतो. त्यासाठी त्याचे पूर्ण नाव विचारायचे नसते.

ईदला अजून थोडे दिवस आहेत. फितरा ईदच्या नमाजआधी द्यायचा असतो, शिरखुर्म्याच्या वाट्या त्यानंतर मोहल्ल्याबाहेरही जातात. त्या घेणाऱ्या घरांत आणि देणाऱ्या घरांतही या दिवसांत एक छोटा बदल होऊ शकतो. खोली मागायला, काम मागायला, सोयरीक जुळवायला कुणी दारात आले, तर नाव जरूर विचारावे. पण त्यानंतर आणखी दोन प्रश्न विचारावेत: काय करता, आणि घरात कोण कोण अवलंबून आहे? तांड्याचा नाईक आणि पोडाचा नाईक यांना लोकांनी मानले ते या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर. आपल्यामागे किती माणसे आहेत आणि त्यांच्यासाठी आपण काय करतो, याचे उत्तर ज्याच्याजवळ आहे, तो कोणत्याही घरातला असो, नाईकच आहे.