सुट्टी कमी असेल, तर उंची कमी करा

रिसोड तालुक्यातील केनवडसारख्या गावात सुट्टी मोजूनमापूनच मिळते. शिक्षकाला उन्हाळ्याची सुट्टी असते, पण त्यातच लग्नसराई येते. शेतकऱ्याला मृग लागायच्या आत घरी परतावे लागते; बियाणे, खत आणि वखरणी कोणासाठी थांबत नाही. दुकानदाराला मेअखेरीस गल्ला सोडून जाता येत नाही. तरीही अलीकडे या भागातील तरुणांच्या मोबाइलवर बर्फात उभे राहून काढलेले फोटो दिसू लागले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. काळजीची गोष्ट वेगळीच आहे आणि ती सुट्टीच्या हिशेबात दडलेली आहे.

समजा, केनवडच्या चार मित्रांना नऊ दिवस मिळाले आणि त्यांनी उत्तराखंडातील केदारकंठा गाठायचे ठरवले. शिखराची उंची सुमारे ३,८०० मीटर. बसने अकोला, रेल्वेने दिल्ली, पुढे डेहराडून आणि तिथून सांकरी गावापर्यंत सुमारे दोनशे किलोमीटरचा घाटरस्ता. जाण्यात तीन दिवस गेले, येण्यात तीन जाणार. उरले तीन. चढाई साधारण चार-पाच दिवसांची आहे. मग कात्री कुठे लागते? रेल्वेचे वेळापत्रक बदलत नाही, शिखर खाली येत नाही. कापला जातो तो विश्रांतीचा, मुक्कामाचा, 'काहीच न करण्याचा' दिवस. आणि शरीराला सर्वांत जास्त गरज असते ती नेमकी त्याच दिवसाची.

शरीराला घाई कळत नाही

उंचावर हवेत प्राणवायूचे प्रमाण कमी होते, असा समज आहे. प्रत्यक्षात ते तिथेही २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. साडेतीन हजार मीटरवर हा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश राहतो, तर साडेपाच हजार मीटरवर जवळजवळ निम्मा होतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात फुप्फुसाला मिळणारा प्राणवायू त्याच हिशेबाने घटतो.

शरीर यावर उपाय करते. श्वास जलद होतो, नाडी वाढते, मूत्रपिंड रक्तातील क्षारांचा तोल नव्याने बसवते, पुढे काही आठवड्यांत तांबड्या पेशी वाढतात. यातील पहिल्या टप्प्यालाच काही दिवस लागतात. हे दिवस पैशाने, हिमतीने किंवा व्यायामाने विकत घेता येत नाहीत. रोज पहाटे दहा किलोमीटर धावणाऱ्यालाही उंचीचा त्रास होतो आणि घरात बसून असणारा एखादा सहज निभावून जातो. उलट दणकट माणूस भरभर चढतो, म्हणून लवकर अडचणीत येतो.

कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर १,६४६ मीटरचे आहे. सह्याद्रीत केलेल्या सरावाने पाय तयार होतात, दम वाढतो, हे खरे. पण विरळ हवेची सवय तिथे लागत नाही, कारण तिथे हवा फारशी विरळ नसतेच. हा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो.

हा धडा भारताने मोठी किंमत देऊन शिकला आहे. १९६२ च्या युद्धाच्या काळात सैनिकांना सपाट प्रदेशातून थेट हिमालयात न्यावे लागले. धडधाकट तरुण जवान डोकेदुखी, उलट्या, धाप यांनी आजारी पडले. काहींच्या फुप्फुसांत, काहींच्या मेंदूत सूज आली. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी अशा १,९२५ सैनिकांची निरीक्षणे १९६९ मध्ये अमेरिकेतील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात मांडली. जगभर आजही त्या कामाचा दाखला दिला जातो. भारतीय लष्करात आता नऊ ते बारा हजार फुटांच्या पट्ट्यात जवानाला सहा दिवस हवामानाशी जुळवून घेण्यासाठी दिले जातात. त्यावरच्या प्रत्येक टप्प्यासाठी आणखी चार-चार दिवस. तंदुरुस्त सैनिकाला जिथे सहा दिवस लागतात, तिथे पर्यटकाने दोन दिवसांत सगळे उरकण्याचा हट्ट कशाच्या जोरावर धरावा?

विदर्भाकडे याचे चांगले उदाहरणही आहे. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी 'मिशन शौर्य' मोहिमेत एव्हरेस्ट सर केले. सपाट, तापलेल्या प्रदेशातील ही मुले ८,८४८ मीटरवर पोहोचली, कारण त्यांच्या तयारीला कित्येक महिने दिले गेले होते. एव्हरेस्टच्या मोहिमेला साधारण दोन महिने लागतात. तेवढे अंतर चालायला दोन महिने लागत नाहीत. बराचसा वेळ शरीराला सवय लावण्यात जातो.

रात्र कुठे काढणार?

नियोजन करताना सगळे विचारतात, 'शिखर किती उंच?' खरा प्रश्न आहे, 'रात्रीचा मुक्काम किती उंचीवर?' झोपेत श्वास मंदावतो, म्हणून मुक्कामाची उंची महत्त्वाची. नियम सोपा आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा उंच जाऊन रात्री खाली उतरून झोपणे चांगले.

हा नियम हातात घेऊन बेत तपासला की चुका लगेच दिसतात. विमानाने थेट लेहला उतरणारा माणूस काही तासांत ३,५०० मीटरवर पोहोचतो. त्याने पहिले दोन दिवस खोलीत आणि बाजारात घालवायला हवेत. दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला खिंडीकडे गाडी वळवणे धोक्याचे. मनालीजवळचा हमटा पास ४,२७० मीटरचा आहे. तिथला चार-पाच दिवसांचा कार्यक्रम आधीच घट्ट बांधलेला असतो. त्यातून आणखी एक दिवस काढला की जिवाशी खेळ सुरू होतो.

तीर्थयात्रेलाही हेच लागू आहे. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. गुप्तकाशी जेमतेम १,३०० मीटरवर. तिथून हेलिकॉप्टरने काही मिनिटांत वर पोहोचणाऱ्या आजोबांना पायी जाणाऱ्यापेक्षा कष्ट कमी पडतात, पण उंचीचा धक्का जास्त बसतो. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे आणि जायचेच असेल तर दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली यावे.

कापूर, डबा आणि प्रमाणपत्र

उंचावर जाणाऱ्यांच्या खिशात कापराची पुरचुंडी हमखास असते. कापराच्या वासाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. रक्तातील प्राणवायू त्याने वाढत नाही. प्राणवायूचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो आणि खोटा धीर देऊन जातो. बोटाला लावायचे यंत्र गार बोटांवर चुकीचा आकडा दाखवू शकते. आकडा चांगला असला तरी डोके ठणकत असेल आणि मळमळत असेल, तर माणूस आजारीच आहे.

ॲसिटाझोलामाइड हे औषध खरोखर उपयोगी आहे. ते शरीराला सवय लागण्याचा वेग वाढवते. प्रौढांना साधारणपणे १२५ मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून दिली जाते. मात्र सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचे आजार किंवा गरोदरपण असल्यास ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बोटांना मुंग्या येणे, वारंवार लघवीला जावे लागणे हे त्याचे नेहमीचे परिणाम. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे औषध गहाळ झालेल्या दिवसाची भरपाई करत नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्या तर वर असेपर्यंत वर्ज्यच.

अमरनाथ यात्रेला आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचे आहे आणि अनेक ट्रेकिंग संस्थाही ते मागतात. ते आवश्यकच आहे. रक्तदाब, साखर, हृदय, रक्ताचे प्रमाण यांची तपासणी व्हायलाच हवी. रुग्णाला न तपासता केलेली सही म्हणजे फसवणूक आहे. पण प्रामाणिकपणे दिलेले प्रमाणपत्रही उंचीवर त्रास होणार नाही याची हमी देत नाही. तशी कोणतीच चाचणी आज उपलब्ध नाही.

विदर्भातील लोकांसाठी मात्र एक चाचणी विशेष महत्त्वाची आहे, ती सिकलसेलची. या भागात सिकलसेलचे वाहक बरेच आहेत. वाहक एरवी ठणठणीत असतो, अनेकांना आपण वाहक आहोत हे माहीतही नसते. परंतु विरळ हवेत अशा व्यक्तीच्या प्लीहेचा रक्तपुरवठा अडून डाव्या बरगडीखाली तीव्र वेदना होऊ शकतात. सिकलसेलच्या रुग्णाला तर उंची फारच घातक ठरते. सरकारी आरोग्य केंद्रांत रक्ताच्या थेंबावर होणारी प्राथमिक तपासणी मोफत असते. कुटुंबात कोणाला हा आजार असेल, तर तिकीट काढण्याआधी ती करून घ्यावी. वाहक असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि वर असताना पोटात दुखू लागले तर ते खाण्यावर ढकलू नये.

परत फिरण्याची लाज

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, विलक्षण थकवा ही पहिली घंटा. ती वाजली की आणखी वर जायचे नाही. तिथेच थांबायचे, त्रास वाढला तर खाली उतरायचे. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला येणे, सपाटीवरही इतरांच्या मागे पडणे म्हणजे फुप्फुसांत पाणी साचू लागल्याची शंका. असंबद्ध बोलणे, तोल जाणे म्हणजे मेंदूला सूज. सोयाबीनच्या तासातून जसे पावलापुढे पाऊल टाकत सरळ चालतात, तसे चार-पाच पावले चालायला सांगावे. ज्याला ते जमत नाही, त्याला रात्र असो वा पाऊस, किमान तीनशे ते हजार मीटर खाली न्यावे. एकट्याला कधीही पाठवू नये. खाली उतरणे हाच खरा उपचार. प्राणवायू आणि औषधे मदतीला असतात.

हे सगळ्यांना कळते, पण वेळेवर वळत नाही. भरलेले पैसे परत मिळणार नसतात. पुढच्या वर्षी सुट्टी मिळेल याची खात्री नसते. गावी सगळ्यांना सांगून आलेले असते, मग 'मध्यातूनच परतलो' हे कसे सांगायचे? म्हणून डोकेदुखी लपवली जाते. राखीव दिवस असता तर तो मित्र एक रात्र थांबून कदाचित बराही झाला असता. नऊ दिवसांच्या बेतात ती सोय नसते. अपघाताचे बीज डोंगरावर नव्हे, घरी कॅलेंडरसमोर बसून केलेल्या हिशेबातच पडलेले असते.

सहलीच्या आयोजकांकडून लोकांनी एवढे तरी मागून घ्यावे. जाहिरातीत जेवणाचे पदार्थ छापता, तशी प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंचीही छापा. तीन हजार मीटरच्या वर एक राखीव दिवस ठेवा. आजारी पडून परतणाऱ्याची काही रक्कम परत करा, म्हणजे पैशापायी कोणी पुढे रेटणार नाही.

आणि केनवडच्या त्या चार मित्रांचे काय? त्यांच्यापुढे दोन सरळ मार्ग आहेत. दोन-तीन दिवस रजा वाढवून केदारकंठा निवांत करायचा किंवा नऊ दिवसच असतील तर मसुरीकडचा ३,०२२ मीटरचा नाग टिब्बा किंवा धरमशालेवरचा सुमारे २,८५० मीटरचा त्रिउंड निवडायचा. समोर हिमालयाच्या रांगा तिथूनही दिसतात, फोटोही तितकेच चांगले येतात. पुढच्या उन्हाळ्यात शिखर जागेवरच असेल. मृगाच्या आधी चौघेही सुखरूप घरी पोहोचले, तर पेरणी उरकून त्याचा बेत पुन्हा आखता येईल.